दुपारी एक ते चार

मे महिन्यात नाशिकला दुपारी एकच्या सुमारास दारं लागतात, पडदे ओढले जातात आणि चारपर्यंत कुणी कुणाच्या घरी जात नाही. पारा चाळिशीला टेकलेला असतो. एके काळी हवेसाठी नावाजलेलं आमचं गाव. जुनी माणसं सांगतात की पूर्वी पंख्यावाचून अडायचं नाही. आता पंखा गरम हवाच फिरवतो. मखमलाबाद रोडवर चिटपाखरू दिसत नाही. घरात मी असते आणि माझी दोन मुलं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. नवरा अंबडला कारखान्यात. मी घरूनच तीन-चार दुकानांचे जीएसटीचे हिशेब बघते आणि हे काम एकाग्रतेचं आहे. एक आकडा चुकला की सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं.

या तीन तासांत मी कशी वागते हे बघणारं कुणी नसतं. मुलं असतात, पण मुलांची साक्ष कुठे धरली जाते? माझ्याविरुद्ध दाद मागायला त्यांना जागाच नाही. पाणी कधी प्यायचं, आंबा आता खायचा की संध्याकाळी, झोप आलेली नसताना डोळे मिटून पडायचं की नाही, हे सगळं मी ठरवते. बाहेरच्या जगात माझं फारसं कुठे चालत नाही. दुकानदार मला घाई करतात, बँकेतला माणूस ताटकळत ठेवतो. इथे मात्र माझा शब्द शेवटचा. एवढी सत्ता मला आयुष्यात दुसरीकडे कुठेही मिळालेली नाही. ती मी कशी वापरते, हे स्वतःला विचारायला हवं, कारण विचारणारं दुसरं कुणी नाही.

शाळेत तसं नसतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मुलाला मारायला बंदी आहे आणि मानसिक छळालाही बंदी आहे. बाईंनी हात उगारला तर मी उद्या जाऊन जाब विचारू शकते. पण हे कलम माझ्या घराच्या उंबऱ्याशी थांबतं. वर्गात बाईंनी जे बोलू नये असं मला वाटतं, ते मी दुपारी दोन वाजता सहज बोलू शकते आणि चार वाजता कलिंगड कापून देऊ शकते.

मी हात उगारत नाही. हे सांगताना मला बरं वाटतं, आणि म्हणूनच तिथे थांबायचं नाही असं मी ठरवलंय. आमच्याकडे दुपारी एक गोष्ट घडते. दोघं आतल्या खोलीत गाद्यांवर उड्या मारत असतात, कशावरून तरी खिदळत असतात, आणि मी बाहेर खुर्ची मागे सरकवते. खुर्चीचा पाय फरशीवर घासतो. तेवढ्या आवाजानं आतलं हसणं बंद होतं. मी उठले ती पाणी प्यायला असेन, त्यांना ते कळायचा मार्ग नसतो. ती शांतता मला हवी असते, माझे आकडे तिच्यातच जुळतात. पण ती कशातून आलेली आहे तेही मला कळतं. झोपलेल्या मुलांची शांतता वेगळी असते आणि कान टवकारलेल्या मुलांची वेगळी.

दुसरी गोष्ट बोलण्यातली. "तू शहाणा मुलगा आहेस ना, मग झोप बघू." हे वाक्य आमच्या आजीपासून चालत आलेलं. त्यात वावगं काही नाही असंच मला वाटायचं. पण चार वर्षांच्या मुलाच्या बाजूनं ते ऐकलं तर त्यात एक अट आहे. झोप नाही आली तर मी शहाणा नाही. हल्ली तो रात्री निजताना विचारतो, "आई, आज मी शहाणा होतो?" दिवसाचा निकाल तो माझ्याकडून घेऊन झोपतो. हे त्याला कुणी शिकवलं याचा शोध घ्यायला घराबाहेर जायची गरज नाही.

मोबाइलचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलानं दिवसाकाठी एका तासाहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी असेल तितकं बरं. हा तास मी पाळते. मात्र तो कधी द्यायचा हे माझ्या कामावरून ठरतं. त्यांना हवा असतो तेव्हा नाही, मला शांतता हवी असते तेव्हा मी मोबाइल हातात ठेवते आणि माझं काम संपलं की काढून घेते. मग मुलगा रडतो आणि त्याला हट्टी म्हटलं जातं.

नाशिकमध्ये राहून मुलं वाढवताना साने गुरुजींची आठवण टाळता येत नाही. 'श्यामची आई' त्यांनी इथल्याच तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. कैदेत असलेला एक माणूस आपल्या गेलेल्या आईच्या रोजच्या, घरगुती वागण्याची एकेक गोष्ट आठवून सांगतो. मोठं काही घडलेलं नसतं. भाजी, पाय धुणं, फुलं, देवळात जाणं. आपल्या हातून दुपारी जे सहज होऊन जातं ते समोरच्या लहान जीवात किती खोल जाऊन बसतं, याचा इतका मोठा पुरावा मराठीत दुसरा नाही. पण त्यातल्या पोहण्याच्या प्रसंगाशी मी अडते. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून पाठवते आणि नंतर जवळ घेऊन समजावते. पुस्तकावर माझी श्रद्धा आहे, तरी हे मारणं मला पटत नाही. "तिनं भल्यासाठीच मारलं," असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आणि त्या आधारावर कितीतरी घरांत हात उठले. तरी त्या आईची एक गोष्ट माझ्यापाशी नाही, हे कबूल करायला हवं. ती मुलाकडे पूर्ण लक्ष देऊन असते. तिच्या रागाच्या वेळीसुद्धा तो राग श्यामविषयीच असतो. माझा दुपारचा राग बऱ्याचदा मुलांविषयी नसतोच. तो न जुळणाऱ्या आकड्यांचा असतो, उकाड्याचा असतो, आणि जवळ सापडतात म्हणून मुलांवर निघतो.

सगळ्या दुपारी अशाच असतात असं मात्र नाही. यंदा कुरडया केल्या. गहू तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाटून गाळून चीक रात्रभर तळाशी बसू दिला. सकाळी वरचं पाणी निथळून, आधणात मीठ-हिंग टाकून चीक शिजवायला घेतला. या वेळी हात थांबवता येत नाही, गुठळी झाली की संपलं. मुलगी ओट्याशी स्टुलावर उभी राहून चिकाचा पांढरा रंग हळूहळू काचेसारखा होताना बघत होती. शिजलेला चीक वाटीत घालून वर तूप-साखर दिली, तर मुलानं बोटानंच वाटी साफ केली. गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून सोऱ्यानं कुरडया घातल्या. दोन-चार मुलीनं घातल्या, वेड्यावाकड्या. कावळे हाकायला दोघं काठी घेऊन जिन्याच्या सावलीत बसली. मी फोटो काढले. ते नात्यातल्या सगळ्यांना गेले आणि "किती मदत करते गं!" असं कौतुक दिवसभर येत राहिलं.

त्याच दिवशी, त्याच गच्चीवर आणखी एक मुलगी होती. चिकाचं जड पातेलं तिच्या आईनं आणि तिनं मिळून वर आणलं होतं. कागदाची टोकं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून विटा तिनं शोधून आणल्या. तिचा फोटो मी काढला नाही.

ही आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी. नऊ वर्षांची, महापालिकेच्या शाळेत शिकते. पेठ रोडच्या वस्तीत त्यांची पत्र्याची खोली आहे आणि मेमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नाही. गाव पेठ तालुक्यात, नाशिकपासून पन्नासेक किलोमीटरवर. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो, सगळं पाणी डोंगरउतारानं वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये बायापोरी हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. माझी मुलं सुट्टीत मामाकडे जातात ते आंबे खायला. ही मामाकडे गेली तर पाण्याला जाते. म्हणून ताई तिला इथेच ठेवतात आणि दुपारी आमच्याकडे घेऊन येतात. पंखा आहे, माठ आहे. मीच म्हटलं होतं, बसू दे तिला इथे.

ती येऊ लागली आणि माझ्या दुपारी एकदम शांत झाल्या. ती मुलाला गोष्टी सांगते, मुलीशी सागरगोटे खेळते, भांडण झालं की सोडवते. मुलाला शू आली तर तीच नेते. मला सलग दोन तास मिळायला लागले. खुर्ची सरकवायची वेळ येईना. कुणी विचारलं तर मी सांगायचे, "छान खेळतात तिघं." हे वाक्य खोटं नाही. पण ते पुरेसं खरं आहे का, हा प्रश्न मला काही दिवसांपासून सोडत नाही.

२०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामाला ठेवायचं नाही, असं तो कायदा सांगतो. घरकामाला ठेवायची बंदी तर २००६ पासूनच आहे. दुरुस्तीत एक सवलत ठेवली गेली: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलानं आपल्या घरच्यांना, धोक्याचं नसलेल्या कामात, हातभार लावला तर चालेल. कायद्याच्या भाषेतही सुट्टीचे असे दोन अर्थ झाले. काही मुलांच्या सुट्टीत शिबिरं असतात, काहींच्या सुट्टीत हातभार. पण हा हातभार आपल्या घरच्यांना. माझं घर तिचं घर नाही. हाही कायदा माझ्या उंबऱ्याशी येऊन घुटमळतो, कारण मी तिला ठेवलेलं नाही, पगार देत नाही, काही करायला सांगितलेलं नाही. कागदावर ती पाहुणी आहे.

मग मी मुलांकडे बघत बसले. माझी मुलगी हरायला लागली की सागरगोटे फेकून देते आणि म्हणते, "मला नाही खेळायचं." मुलगा तर मध्येच उठून निघून जातो. ही मुलगी कधी उठत नाही. तीच गोष्ट चौथ्यांदा सांग म्हटलं तरी सांगते. डाव सोडून जायची मोकळीक तिला नाही, निदान तिला ती आहे असं वाटत नाही. पंख्याची हवा आणि माठाचं पाणी यांच्या बदल्यात काही द्यायला हवं, हे नऊ वर्षांच्या पोरीनं न सांगता ओळखलेलं आहे. खुर्चीचा आवाज माझी मुलं ओळखतात, तसंच.

ताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "वहिनी, खेळतेच ना ती, काम कुठं करते? गावाला असती तर आतापावेतो डोक्याला चट्टा पडला असता." त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यांनी ते माझी समजूत काढायला सांगितलं. पण पेठच्या विहिरीपेक्षा माझं घर बरं, एवढ्यावर मी माझं वागणं पास करून घेऊ शकत नाही. तिला थोडे पैसे द्यावेत असंही मनात आलं होतं. पण पैसे दिले की ती खरोखरच कामाला लागली. मग येऊच नको म्हणावं? तर ती पत्र्याखाली जाणार आणि माझं मन मात्र स्वच्छ राहणार. असा निकाल फक्त माझ्या सोयीचा आहे.

सध्या जे केलंय ते इतकंच. ताईंची आमच्याकडची वेळ सकाळची करून घेतली, म्हणजे त्यांना भर उन्हात शेवटचं घर गाठावं लागत नाही. पगार तोच. दुपारी मायलेकी दोघी हवं तर आमच्याकडेच टेकतात, ताई जरा पाठ टाकतात. हिशेबाच्या वह्या मी आतल्या खोलीत, मुलांच्या गादीशेजारी आणल्या आहेत, खुर्ची बाहेरच राहते. भांडण मी सोडवते, शूला मी नेते. त्यामुळे काम पुढे सरकत नाही आणि वीस तारखेच्या आत रिटर्न भरायचं म्हणून रात्री जागावं लागतं. मुलाला शहाणा म्हणायचं सोडून दिलंय. तो अजून विचारतो, आणि मी त्याला आज त्यानं काय काय केलं ते विचारते.

त्या मुलीला मी सांगितलं की इथे बसायला कुणाला खेळवावं लागत नाही, तुला वाटेल ते कर. तिनं मान डोलावली, "हो काकू" म्हणाली आणि मुलाला गोष्ट सांगायला लागली. शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. तोवर तिनं एकदा तरी माझ्या मुलाला "आता नाही सांगणार जा" असं ठणकावून म्हणावं, याची मी वाट बघतेय.