खुर्चीनंतरची खुर्ची



अमरावतीचे सुपुत्र भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा वऱ्हाडात आनंद झाला, तो स्वाभाविकच होता. मला मात्र त्या शपथविधीपेक्षा त्यांचे एक निवेदन अधिक विचार करण्याजोगे वाटते. जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात तेथील न्यायाधीशांसमवेत झालेल्या चर्चेत त्यांनी सांगितले की, निवृत्तीनंतर शासनाकडून कोणतेही पद स्वीकारणार नाही, अशी जाहीर प्रतिज्ञा आपण व आपल्या अनेक सहकाऱ्यांनी केली आहे. जुलैमध्ये दारापूर या आपल्या मूळ गावी त्यांनी स्वतःपुरता तोच निर्धार पुन्हा बोलून दाखविला.

लोकांचे लक्ष त्यांच्या नकाराकडे गेले. माझे ‘सहकाऱ्यांनी’ या शब्दापाशी थबकले. न्यायाधीशाची सचोटी ही त्याच्या आणि अल्लाहच्या दरम्यानची बाब आहे. मग ती चारचौघांत मिळून जाहीर करण्याचे प्रयोजन काय? यात रियाचा, दिखाव्याचा दोष नाही काय?

इमाम अबू हनीफा (रह.) यांची कथा आपण जाणताच. खलीफा मन्सूरने काझीपद देऊ केले, तेव्हा इमामांनी आपण त्यास पात्र नसल्याचे सांगितले. खलीफा म्हणाला, तुम्ही खोटे बोलता. इमाम उत्तरले, तसे असेल तर खोटे बोलणाऱ्यास काझी कसे नेमता? या नकारापायी त्यांनी तुरुंगवास सोसला. हिजरी १५० मध्ये त्यांचे निधन झाले. मदरशात शिकत असताना मला एक शंका सतावीत असे: इमामांनी नाकारलेली गादी रिकामी थोडीच राहिली? तिच्यावर दुसरा कोणी बसलाच. एकट्या सत्पुरुषाचा नकार त्याचे ईमान राखतो. न्यायासनही राखील, असे नाही. पुढे त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी हारून रशीदच्या काळात काझी-उल-कुझातचे पद स्वीकारले. उम्मतने दोघांनाही इमामच मानले.

धमकी देणारा ओळखू येतो. पुढच्या खुर्चीची आशा मात्र स्नेह्याच्या वेशात येते. कोणी काही मागत नाही, कोणी काही देत नाही; केवळ वयाची पासष्टी आणि निवृत्तीची तारीख जवळ येत असते. अशा वेळी एकटा नकार देणारा हेकट ठरतो, आणि शेजारच्या दालनात होकार देणारा कोणी ना कोणी सापडतोच.

म्हणूनच ऑगस्ट १९९५ मध्ये आशिया व प्रशांत महासागर क्षेत्रातील अनेक देशांच्या सरन्यायाधीशांनी बीजिंग येथे एकत्र येऊन न्यायपालिकेच्या स्वातंत्र्याची तत्त्वे मान्य केली. न्यायदानावर परिणाम होईल असे प्रलोभन वा लाभ न्यायाधीशांना कोणी देऊ नये आणि त्यांनीही तो घेऊ नये, हे त्यांत आहे. या तत्त्वांमागे फौज नाही, शिक्षा नाही. पण दबावाखालील न्यायाधीशाला ‘हा माझा एकट्याचा हट्ट नव्हे’ एवढे तरी म्हणता येते. सत्कर्मात परस्परांना साहाय्य करा, ही सूरह अल-माइदाची (५:२) आज्ञा मला येथे आठवते. रियाबद्दल म्हणाल, तर गुप्त दानाला अधिक उत्तम म्हणणारी सूरह अल-बकराची आयत (२:२७१) उघड दानालाही चांगलेच म्हणते.

एक आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्षपद कायद्यानेच सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशासाठी आहे. सर्वच भल्या माणसांनी नकार दिला, तर पीडितांचे गाऱ्हाणे ऐकणार कोण? माझ्या मते दोष पदात नाही, ते देणाऱ्या हातात आहे; नेमणूक शासनाच्या मर्जीबाहेर नेली, तर प्रतिज्ञेची निकड उरणार नाही. तोवर मात्र ती हवी.

आमच्या लहानशा जगातही हे घडते. अकोल्यात वारसाहक्काचा एक तंटा माझ्यापुढे आला. सुनावणीच्या आदल्या दिवशी थोरल्या भावाकडून संत्र्यांची पेटी घरी आली, आणि मी मशिदीतून परतेपर्यंत मुलांनी दोन संत्री सोललीही होती. पेटी परत केली, दोन संत्र्यांचे पैसेही दिले. तरी तो नाराज झाला, ‘दुसरे मौलाना घेतात,’ म्हणाला. त्यानंतर आम्ही चार मशिदींच्या इमामांनी बसून ठरविले की, तंटा सुटेपर्यंत कोणत्याही पक्षाकडून चहादेखील घ्यायचा नाही. पुढच्या बैठकीला तो आला तेव्हा त्याच्या हातात फक्त सातबाराचा उतारा होता.