नव्या फोनची घोषणा आणि कापसाचा हंगाम

नव्या स्मार्टफोनच्या घोषणांना ठरलेले हंगाम असतात. ॲपलने आयफोन १७ जाहीर केला तो ९ सप्टेंबर २०२५ रोजी. सॅमसंगची एस मालिका जानेवारी-फेब्रुवारीत येते. मध्यम किमतीचे बरेच अँड्रॉइड फोन दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन विक्रीच्या तोंडावर बाजारात उतरतात. पाश्चात्त्यांची नाताळची खरेदी आणि भारतीय शहरांतला दिवाळीचा बोनस या दोन गोष्टी धरून हे वेळापत्रक आखलेले असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात सप्टेंबर म्हणजे सोयाबीनच्या शेंगा भरण्याचे आणि पऱ्हाटीला बोंडे धरण्याचे दिवस. बियाणे, खत, फवारणी, निंदण यांवर पैसा गेलेला असतो आणि हाती काहीच आलेले नसते. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास निघते, कापसाचा पैसा त्याहून उशिरा. याच तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा या भागात सिमेंटचे कारखाने आहेत. तिथल्या कामगाराला, कायम असो वा ठेकेदाराकडचा, पगार महिन्याला मिळतो. त्यामुळे एकाच गावात शेजारी राहणाऱ्या दोन घरांसाठी ‘फोन बदलायचा का’ हा प्रश्न सारखा नसतो.

किमतीचा अंदाज पिकाच्या मापाने घेतला तर चित्र लवकर स्पष्ट होते. आयफोन १७ ची भारतातली सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एका फोनला दहा क्विंटलांहून थोडा जास्त कापूस, कोरडवाहू जमिनीतले दोन-तीन एकरांचे पीक, तेही लागवडीचा खर्च न वजा करता. सोळा हजारांच्या फोनला साधारण दोन क्विंटल लागतात. कोरपन्यात खरा निर्णय या दुसऱ्या आकड्याभोवती घ्यावा लागतो. मात्र घोषणेचा गाजावाजा पहिल्या आकड्याचा होतो आणि त्याची झळ दुसऱ्याला लागते: ऐंशी हजारांच्या फोनची छबी मनात ठेवून सोळा हजारांचा फोन घेतला जातो.

घोषणेत नवा फोन काय करू शकतो ते सांगितले जाते. घेणाऱ्याला मात्र हातातला फोन काय करू शकत नाही हे आधी ठरवावे लागते, आणि त्यातही तो दोष खरोखर फोनचा आहे का, हे. ही शहानिशा न करता घेतलेला फोन पुष्कळदा तीच अडचण नव्या काचेतून दाखवतो.

रेंजचे उदाहरण घ्यावे. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. या लहरी वेग चांगला देतात, पण लांब पोचत नाहीत आणि भिंत, टेकडी, झाडी यांच्यापुढे लवकर थकतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, म्हणून विरळ वस्तीला त्या उपयोगी. माणिकगडाच्या रांगेत, जिवतीकडच्या पहाडावर किंवा नाल्याच्या खोलगट भागात टॉवर आणि फोन यांच्या मध्ये डोंगरच उभा असेल, तर फोनच्या किमतीने त्यात फरक पडत नाही. पारख सोपी आहे. त्याच कंपनीचे सिम असलेला शेजाऱ्याचा नवा फोन घरात आणि शेतात, दोन्ही ठिकाणी धरून पाहावा. त्यालाही रेंज नसेल, तर खर्च टॉवरवर व्हायला हवा. अशा गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याचे काम त्यातून बीएसएनएलकडे आले.

रेंज नसण्यात दोष फोनचा नसतो, याला एक अपवाद आहे, आणि तो या भागात महत्त्वाचा. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे औपचारिक लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. या जाळ्यात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला ‘बँड २८’ म्हणतात, वापरला जातो. काही जुन्या ४जी फोनांत हा पट्टा पकडण्याची सोयच नसते. टॉवर उभा, सिम नवे, तरी फोन कोराच. इथे दोष फोनचा आहे आणि तो बदलण्याला अर्थ आहे. पण त्यासाठी यंदा जाहीर झालेला फोन लागत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, बँड २८ असलेला कोणताही चालतो. दुकानदाराला मेगापिक्सेल विचारणारे गिऱ्हाईक पुष्कळ असते, बँडची यादी विचारणारे क्वचितच.

फोन बदलण्याचे सर्वांत वारंवार सांगितले जाणारे कारण म्हणजे चार्जिंग टिकत नाही. लिथियमची बॅटरी झिजणारी वस्तू आहे. पाचशे ते हजार वेळा पूर्ण भरल्या-रिकाम्या झाल्यावर तिची साठवण मुळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. उष्णतेने ही झीज वाढते. बहुतेक उत्पादक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे ही बातमीही राहिलेली नाही. दुचाकीच्या हँडलवर उन्हात लावलेला, पत्र्याच्या छताखाली चार्जिंगला ठेवलेला फोन इथे पुण्या-मुंबईच्या फोनपेक्षा लवकर म्हातारा होतो. पण म्हातारी झालेली असते ती बॅटरी. ती बदलण्याचा खर्च साध्या फोनच्या बाबतीत नव्या फोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. नवी बॅटरी घातलेला जुना फोन आणखी दोन उन्हाळे काढत असेल, तर तो सौदा कोणत्याही सवलतीपेक्षा चांगला.

धुळीचेही तसेच. सिमेंटची भुकटी, कोळशाची काजळी, रस्त्यावरचा धुरळा हे सगळे चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत जाऊन बसते. सिमेंटला दमटपणा लागला की ते घट्ट होते. कारखान्यात किंवा ट्रकवर काम करणाऱ्याने नवा फोन घेतलाच, तर खोक्यावरचा ‘आयपी’ क्रमांक पाहावा. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो: ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे थोडी जाते पण काम अडत नाही. दुसरा आकडा पाण्याचा. जाहिरातीत पाण्यात बुडवलेला फोन दाखवतात. या तालुक्यात पहिल्या आकड्याची किंमत अधिक.

बॅटरी आणि भोक दुरुस्त होते, सॉफ्टवेअर नाही. फोनला सुरक्षेचे अपडेट मिळणे थांबले की तो चालत राहतो, मात्र बँकेचे व्यवहार त्यावर करणे दिवसेंदिवस जोखमीचे होते. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. स्वस्त फोनांना ते दोन-चार वर्षांचेच मिळते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग देणे बंधनकारक केले. भारतात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये आले, पण असे बंधन नाही. म्हणून पंधरा हजारांचा फोन तीन वर्षांत टाकावा लागला तर महिन्याला सुमारे ४१७ रुपये पडतात, पाच वर्षे टिकला तर २५०. किंमत विचारण्याआधी अपडेट कोणत्या सालापर्यंत, हे विचारणे जास्त फायद्याचे.

फोन जुना ठरण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. शासनाची ॲप जड होत जातात. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. पोषण अभियानात त्यांना सरकारी मोबाइल मिळाले होते. २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले आणि त्या फोनांची अपुरी मेमरी त्याला पुरेना. फोन अडकत, तापत, त्यात ॲप इंग्रजीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी हे मोबाइल प्रशासनाला परत करण्याचे आंदोलन केले. २० फेब्रुवारी २०२३ पासूनच्या संपातही नव्या मोबाइलची मागणी होती. पुढे १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थ्यांचा चेहरा ओळखण्याची पद्धत बंधनकारक झाली; कॅमेरा, मेमरी, नेटवर्क या तिघांवरचा भार आणखी वाढला. फोनपेक्षा त्याच्यावर टाकलेले ओझे झपाट्याने बदलले. अशा ठिकाणी ‘अपग्रेड’ हा खाजगी हौसेचा विषय उरत नाही. ज्याने ॲप सक्तीचे केले, त्याने फोनही द्यावा आणि तो वेळोवेळी बदलावा, हा साधा न्याय आहे. तो मागण्यासाठी संप करावा लागला, यात प्रशासनाची हिशेबाची पद्धत दिसते.

शेतकऱ्याच्या बाबतीत हीच सक्ती दबक्या पावलांनी येते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. २०२५ मध्ये भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी मागितली. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ओटीपीवर अडते. ही यादी ऐकून घरात नवा फोन हवाच, असे वाटू लागते आणि दुकानदारही तसेच सुचवतो. प्रत्यक्षात यातल्या एकाही कामाला नवाच फोन लागत नाही. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. जीपीएस उपग्रहांवर चालते, त्याला टॉवर लागत नाही. ओटीपी साध्या बटणाच्या फोनवरही येतो. लागतो तो वेळ, चार्जिंग आणि पोर्टल चालू असण्याचे भाग्य.

नव्या फोनांचे सध्याचे मोठे आकर्षण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. यातल्या पुष्कळ सोयी दूरच्या सर्व्हरवर चालतात, म्हणजे फिरून प्रश्न रेंजपाशी येतो. या भागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलली जाते. गोंडीसाठी यंत्रभाषांतराचा शासकीय प्रयत्न ‘आदिवाणी’ या नावाने २०२५ मध्ये सुरू झाला, आणि त्यासाठी महागडा फोन लागत नाही. कोलामी बोलणाऱ्याला मात्र झळाळत्या घोषणेत आपले नाव ऐकू येण्याची शक्यता कमीच.

मग पैशाचा प्रश्न. घोषणा आणि कापसाचा पैसा यांच्या मधली फट हप्त्याने भरली जाते. ‘शून्य टक्के व्याज’ असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा रोखीची सूट न देण्यात लपते. त्यात फोनवर १८ टक्के जीएसटी, जो १ एप्रिल २०२० पूर्वी १२ टक्के होता. महिन्याचा हप्ता महिन्याच्या पगाराशी जुळतो. शेतीचे उत्पन्न वर्षातून एक-दोनदा येते, आणि हप्ता चुकला की काही कर्ज देणाऱ्या संस्था फोनमध्ये आधीच बसवलेल्या ॲपने तो बंदही करत आल्या आहेत. ज्या फोनवर कापसाची नोंदणी, बँक आणि ओटीपी, तोच कुलूपबंद. सिमेंट कारखान्यातल्या कामगाराला परवडणारी योजना शेजारच्या शेतकऱ्याला जाचक ठरते ती अशी. शेतकऱ्याने फोन घ्यायचाच तर कापूस विकल्यावर, रोखीने घ्यावा; तोवर दिवाळीतला नवा फोन थोडा जुना झालेला असतो आणि सहसा किंचित स्वस्तही. हा नियम मात्र दरवेळी चालत नाही: २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या आणि फोनच्या किमती उतरण्याऐवजी वाढू लागल्या. ज्याचा फोन खरोखर मोडकळीला आला आहे, त्याने केवळ किंमत पडेल या आशेवर थांबू नये.

घरात नवा फोन येतो तेव्हा जुना क्वचितच कपाटात जातो. मुलाचा वडिलांकडे, वडिलांचा आईकडे किंवा शाळेतल्या मुलीकडे असा तो उतरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे देशातले प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. तेव्हा एका माणसाच्या अपग्रेडने दुसरीला पहिला फोन मिळत असेल, तर त्या खर्चाचा हिशेब वेगळा लावावा लागतो. आणि त्याच पैशात तिच्यासाठी थेट साधा फोन घेणे जास्त सरळ नाही का, हेही पाहावे लागते. बहुतेक घरांत तिच्या वाट्याला झिजलेली बॅटरी आणि संपलेले अपडेट येतात.

जुना फोन विकायचा किंवा दुसऱ्याचा घ्यायचा असेल तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. देण्याआधी बँकेची ॲप काढून, खात्यातून बाहेर पडून फोन पूर्ण पुसावा. घेताना *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ या अक्षरांनंतर लिहून १४४२२ वर पाठवला की तो चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळते. अगदीच निकामी झालेला फोन भंगारात देऊ नये. फुगलेली बॅटरी दाबली गेली तर पेट घेते. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे, पण संकलनाची सोय प्रामुख्याने शहरांत. कोरपन्याहून तो चंद्रपूर किंवा नागपूरला जाणाऱ्या कोणाजवळ तरी द्यावा लागतो.