पाटीची मागची बाजू

आबांनी कराडच्या पेठेत चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. किराणा, कापड, सायकल मार्ट, दवाखाना. पेठेत शिरलं की दोन्ही हातांना त्यांचंच अक्षर दिसायचं. पुढे फ्लेक्स आला, रात्रीतून छापून मिळू लागला, आणि आबांनी ब्रश धुऊन ठेवले. 2019 च्या जूनमध्ये ते आजींना घेऊन मुलाकडे, मिलिंदकडे, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटला आले.

एका शुक्रवारी मिलिंदचा सहकारी जेवायला आला होता. त्यानं आपुलकीनं विचारलं, "काका तिकडे काय करायचे?" आबा बोलणार तोच मिलिंद म्हणाला, "जाहिरात क्षेत्रात होते." आबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून जेवत राहिले. आजींनी एकदा मुलाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मोठमोठ्या कंपन्यांची आवारं पाहायला जायचं ठरलं होतं. सून अनघानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. दहा वर्षांच्या नातवानं, चिन्मयनं, मोबाइल चार्ज करून ठेवला. प्रत्येक कंपनीच्या पाटीसमोर फोटो काढायचा होता.

डंबार्टनचा लांबलचक पूल ओलांडून गाडी मेन्लो पार्कला आली. फेसबुकच्या दारात निळ्या पाटीवरचा पांढरा अंगठा उभा होता. फोटोसाठी रांगच लागली होती. चिन्मयचा फोटो झाला, आजी-आजोबांचा झाला, पण आबा जागचे हलेनात. ते पाटीला वळसा घालून मागे गेले. पाटी दिसली की तिची बांधणी मागून बघायची, ही त्यांची जन्माची सवय.

"मिलिंद, इकडं ये रे. इथं दुसरंच नाव आहे."

मागच्या बाजूला जुनी, विटलेली अक्षरं होती : सन मायक्रोसिस्टिम्स.

"हो आबा, हे आवार आधी सन कंपनीचं होतं," मिलिंद सांगू लागला. "1982 साली चौघांनी मिळून काढली. त्यातले विनोद खोसला, त्यांचा जन्म पुण्याचा. एके काळी काय दबदबा होता! 2010 मध्ये ती ओरॅकलनं विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी फेसबुक इथे राहायला आलं. त्यांनी हीच पाटी पालटून पुढे आपलं नाव लावलं. मागचं मुद्दाम ठेवलं म्हणतात. काल इथे कोण होतं, ते कामावर येणाऱ्यांनी विसरू नये म्हणून."

तो क्षणभर थांबला. "मी कॉलेजात जाव्हा शिकलो ना, ती या सनचीच. माझी पहिली नोकरी त्या जाव्हावरच लागली."

आबांनी पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "खरवडलं नाही, हे बरं केलं. आमचे उस्ताद सांगायचे, जुना पत्रा पालटून घेतलास तर मागचा रंग काढू नको. हौशी माणूस मागची बाजू घासून लख्ख करतो. दोन पावसाळे गेले की गंज मागून धरतो आणि पुढच्या अक्षरांतून फुटतो. मागचा जुना रंग असतो म्हणून पुढचं नाव टिकतं."

चिन्मयला यात खेळ सापडला. "आजोबा, आता प्रत्येक पाटीच्या मागे काय आहे ते बघायचं!"

पालो आल्टोला ॲडिसन रस्त्यावर 367 क्रमांकाच्या घरामागे एक साधं लाकडी गॅरेज आहे. घर खाजगी, त्यामुळे फुटपाथवरूनच पाहायचं. 1938 मध्ये बिल ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी इथे ध्वनिलहरी निर्माण करणारं यंत्र बनवायला घेतलं. भांडवल 538 डॉलर. कंपनीच्या नावात आधी कोणाचं नाव, हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओनं 'फँटेजिया' या चित्रपटासाठी त्यांची आठ यंत्रं घेतली.

बाहेर धातूची एक पाटी आहे. अनघानं ती मराठीत करून सांगितली. ही सिलिकॉन व्हॅलीची जन्मभूमी, असं त्यात म्हटलं आहे. पण पुढचं वाक्य त्या दोघांचं नाही. ते त्यांच्या गुरूंचं आहे, स्टॅनफर्डचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांचं. दूर पूर्वेकडच्या नावाजलेल्या कंपन्यांत नोकरीला जाण्यापेक्षा इथेच स्वतःचं काहीतरी सुरू करा, असं ते विद्यार्थ्यांना सांगायचे. त्यांचं पहिल्यांदा ऐकलं ते या दोघांनी.

"म्हणजे गुरूचं नाव आधी, चेल्यांचं मागनं," आबा म्हणाले आणि त्यांनी पाटीला हात जोडले.

माउंटन व्ह्यूला गूगलच्या आवारात रंगीबेरंगी सायकली होत्या आणि डायनासोरचा भलामोठा सांगाडा होता. चिन्मय त्याच्याभोवती धावला, मग आठवण होऊन परत आला. "बाबा, इथे आधी कोण होतं?"

"सिलिकॉन ग्राफिक्स. या इमारती त्यांनी स्वतःसाठी बांधल्या होत्या. 'जुरासिक पार्क'मधले संगणकावर केलेले डायनासोर त्यांच्याच यंत्रांवर घडले. मग कंपनीला उतरती कळा लागली आणि 2003 पासून गूगल इथे भाड्यानं आलं."

"म्हणजे डायनासोर त्यांचेच!" चिन्मय म्हणाला.

कुपर्टिनोला ॲपलच्या प्रचंड वर्तुळाकार इमारतीत बाहेरच्यांना प्रवेश नाही. समोरच्या अभ्यागत केंद्राच्या गच्चीवर उभं राहायचं आणि झाडांआडून दिसेल तेवढी पाहायची. गच्चीवर वारा छान होता. तिथेच दशम्या सोडल्या. या वेळी कोणी विचारायच्या आधीच मिलिंद बोलू लागला.

"यातली बरीचशी जमीन ह्युलेट-पॅकार्डची होती. सकाळच्या त्या गॅरेजवाल्यांची. स्टीव्ह जॉब्सनं शाळकरी वयात टेलिफोनच्या यादीतून बिल ह्युलेटचा नंबर शोधून थेट घरी फोन केला. एक यंत्र बनवायला सुटे भाग हवे होते. ह्युलेटनं भाग दिले, वर सुट्टीत कंपनीत कामही दिलं. पुढे 2011 मध्ये ही इमारत बांधायची परवानगी मागायला जॉब्स नगर परिषदेसमोर उभा राहिला. तेव्हा दुखणं बळावलं होतं, पण ही गोष्ट त्यानं तिथे आवर्जून सांगितली. चारच महिन्यांनी तो गेला."

"एवढा मोठा माणूस," आजी म्हणाल्या, "पण कोणी हात दिला ते भर सभेत सांगितलं हो."

मिलिंदनं हातातली दशमी तशीच खाली ठेवली.

परतताना सनीव्हेलला अनघानं गाडी थांबवायला लावली. गावाच्या मधोमध जर्दाळूची एक बाग मुद्दाम जपून ठेवली आहे. ऑफिसं, घरं, रस्ते यांच्या मध्ये ओळीनं लावलेली बुटकी झाडं, आणि पानांआड पिवळसर केशरी फळं. चिप येण्यापूर्वी हे सारं खोरं असंच होतं, मैलोन् मैल जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी. तेव्हा त्याला व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट म्हणत, म्हणजे जीव सुखावणारं खोरं.

"आणि बागांच्या मागे?" चिन्मयनं विचारलं.

"ओलोनी लोक," अनघा म्हणाली. "हजारो वर्षं ही भूमी त्यांची होती."

आबा एका झाडाच्या खोडाला टेकून बसले. मिलिंद त्यांच्याशेजारी बसला. समोर झाडांची रांग दोरी धरल्यासारखी सरळ गेली होती. ती पाहता पाहता त्याला दुसरीच दोरी आठवली. दसऱ्याच्या आदल्या रात्री बंद दुकानांसमोर फळीवर चढलेले आबा. खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी. एक टोक आबांच्या हातात, दुसरं आठ वर्षांच्या मिलिंदच्या. "ताणून धर," आबा सांगायचे, मध्ये चिमटीनं दोरी उचलून सोडायचे, आणि टण्णकन काळ्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटायची. त्या रेघेवर शिरोरेखा, शिरोरेखेखाली अक्षरं. त्या अक्षरांतून घर चाललं, त्यांतूनच इंजिनिअरिंगची फी भरली गेली. आणि पाटी पुरी झाली की खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक, पेंटरची सही.

आपण काल रात्री मागची बाजू घासून लख्ख करायला निघालो होतो, हे त्याला कळलं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "काल माझं चुकलं."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नव्या जागी माणूस बावरतो बाळा. पण एक सांगतो. कोपऱ्यातली सही मी कधी पुसली नाही. गिऱ्हाईक मोठं असो की लहान, हे काम माझं आहे असं मी लिहून देत होतो. लाज वाटावी असं काम मी केलंच नाही, मग तू का लाजावंस?"

मिलिंदला काही बोलता येईना.

रात्री दाराची बेल वाजली. कालचा सहकारी अनघानं बांधून दिलेला डबा परत द्यायला आला होता. मिलिंदनं त्याला आत बोलावलं, आबांच्या शेजारी बसवलं आणि म्हणाला, "काल मी तुला नीट सांगितलं नाही. माझे वडील कराडला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षं. आखणीच्या दोरीचं दुसरं टोक मी धरायचो."

"खरंच?" तो आबांकडे वळला. "काका, मला दाखवाल?"

चिन्मय धावत जाऊन वहीचा कोरा पुठ्ठा, खडू आणि दोरी घेऊन आला. आबांनी चष्मा चढवला. दोरी खडूत घोळवली आणि एक टोक नातवाच्या हातात दिलं.

"ताणून धर," ते म्हणाले.

पुढच्या बाजूवर आज आपलं नाव झळकतं, उद्या कदाचित दुसऱ्याचं झळकेल. ते झळकतंय तोवर टिकतं, ते मागच्या रंगावर. ज्यांच्या कष्टांवर आपण उभे आहोत त्यांचं नाव जो खरवडून टाकतो, तो आपल्याच नावाला गंज लावून घेतो.