पुसलेल्या सीमेचें स्मारक

लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यापाशीं, मोसेल नदींतील एका जहाजावर, १४ जून १९८५ रोजीं पांच राष्ट्रांनीं आपसांतील सरहद्दींवरची तपासणी टप्प्याटप्प्यानें उठविण्याचा करार केला. तेथें आज त्याचें संग्रहालय आहे. जी वस्तु नाहींशी झाली तिचें स्मारक कशाला, असें कोणी विचारील.

उत्तर आम्हांस पत्रादेवीस सांपडतें. बांद्याहून गोव्यांत शिरणाऱ्या प्रवाशाच्या मनांत आज सरहद्दीचा विचारहि येत नाहीं. अंगवळणीं पडलेली मोकळीक डोळ्यांस दिसत नसते. येथेंच १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या. पंजाबांतून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल येथेंच पडला. तें हुतात्मास्मारक नसतें, तर हें कोणास आठवलें असतें?

मात्र दोन्ही स्मारकें एका मापानें मोजूं नयेत. शेंगेनची सीमा सह्यांनीं सैल झाली. ही डिसेंबर १९६१ मध्यें सैन्यानें पुसली. (तोच पोर्तुगाल १९९५ पासून शेंगेनच्या व्यवस्थेंत नांदतो आहे, हा इतिहासाचा विनोदच!) शिवाय शेंगेनचें दार आंतल्यांपुरतें उघडें आहे. उघड्या सरहद्दींचें तें संग्रहालय पाहावयाचें, तर डोंबिवलीच्या गृहस्थास आधीं बँकेचे हिशेब जोडून व्हिसा मागावा लागतो.