वहिवाट आणि ममत्व

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे 1754 साली स्थापन झालेल्या ज्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबाच्या सभासदांना 'ओल्ड कोर्स' या गोल्फ मैदानाच्या मुखाशी उभ्या असलेल्या आपल्या पाषाणी वास्तूचा रास्त अभिमान वाटतो, त्या क्लबाच्या मालकीचे ते मैदान मुळी नाहीच. 1894 च्या कायद्याने ती मिळकत नगराकडे गेली, आणि सभासदाच्या पदरी उरली ती केवळ वहिवाट. मग ज्यावर आपली मालकी नाही, त्यावर जडलेल्या प्रेमाला आसक्ती म्हणावे की भक्ती? माझा कौल भक्तीकडे आहे, आणि त्याचे कारण तेथील रविवार. इतर दिवशी जेथे माणसे वाळूच्या खड्ड्यांशी झुंजतात (त्यांतील एकाचे नाव चक्क 'नरक' आहे!), तेथे, मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता, रविवारी खेळ बंद राहतो आणि गावकरी कुत्री घेऊन निवांत फिरतात. बायबलने शेतजमिनीला सातव्या वर्षी विश्रांती सांगितली. या क्रीडाभूमीला ती सातव्या दिवशीच लाभते. प्रिय वस्तूपासून असे बिनतक्रार दूर राहणाऱ्याच्या ममत्वाला दस्तऐवजाची गरज ती काय? अर्थात, सोमवारी पहाटे खेळासाठी ताटकळणाऱ्याला हे तत्त्वज्ञान कितपत रुचेल, याची मला शंकाच आहे.