लढाईच्या आधी घरी जा

शास्त्रपाठ : अनुवाद 20:1–8, रूथ 2:8–18, योहान 21:4–17



अनुवादाच्या विसाव्या अध्यायात इस्राएलाचे सैन्य लढाईसाठी उभे आहे. समोर शत्रूचे घोडे आहेत, रथ आहेत आणि आपल्याहून मोठी फौज आहे. प्रथम याजक पुढे येतो आणि परमेश्वर तुमच्या बाजूने लढणार आहे, असा धीर लोकांना देतो. यानंतर अंमलदार उठले म्हणजे ते आणखी माणसे मागतील, असे आपल्याला वाटते. पण ते उलटेच करतात. ते विचारतात की, नवे घर बांधून त्यात अजून राहायला गेला नाही असा कोणी आहे काय? द्राक्षमळा लावून त्याची फळे अजून चाखली नाहीत असा कोणी आहे काय? वाङ्‌निश्चय झाला, पण लग्न राहिले असा कोणी आहे काय? जो असेल त्याने घरी परत जावे.

हा भाग आपण संडे स्कूलमध्ये सहसा शिकवीत नाही. यरीहोचा तट कसा पडला हे मुलांना रंगवून सांगतो. पण तीच पिढी ज्या नियमांखाली लढली, त्यांत घरी जाण्याची मोकळीक होती, हे सांगायचे राहून जाते. द्राक्षमळ्याचा नियम तर आणखी विचार करण्याजोगा आहे. लेवीय 19 प्रमाणे नव्या झाडाचे फळ तीन वर्षे खायचे नसे, चौथ्या वर्षीचे परमेश्वराला वाहायचे आणि पाचव्या वर्षी मालकाने खायचे. म्हणजे ज्या माणसाला परत पाठविले, त्याने चार वर्षे वाट पाहिलेली असू शकते. संपूर्ण राष्ट्राचे मोठे काम समोर असताना देव त्या एका माणसाच्या तोंडी पडायचा द्राक्षाचा घड विसरला नाही.

येथे गैरसमज नको. देवाने लढाई रद्द केली नाही. बाकीचे सैन्य पुढे गेलेच. मोठे ध्येय बाळगणे पाप आहे, असे शास्त्र कोठेही शिकवीत नाही. परंतु काम संपल्याशिवाय आनंद घ्यायचाच नाही, असा जो कायदा आपण स्वतःवर लादून घेतो, तो देवाचा कायदा नव्हे.

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठी राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना हा कायदा चांगला ठाऊक आहे. (किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत याच जिल्ह्यात होते. सरहद्द सरकली, पण सोयरीक व शेतीची रीत फारशी बदलली नाही.) काळी जमीन, पावसावरचा कापूस, जूनमध्ये लावणी आणि दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी. वर्षभर घरात एकच वाक्य ऐकू येते : "कापूस विकल्यावर." भिंतीला चुना कापूस विकल्यावर. लेकीकडे जाणे कापूस विकल्यावर. कापूस विकला की "मुलाची परीक्षा झाल्यावर" सुरू होते, आणि परीक्षा झाली की "नोकरी लागल्यावर". मुलगा तोपर्यंत हैदराबादेला गेलेला असतो, आणि त्याच्याजवळ बसून जेवायची वर्षे कोठे गेली, हे आईबापांना कळत नाही.

दवाचीच गोष्ट घ्या. शास्त्रात दव हा आशीर्वाद आहे. स्तोत्रकर्ता बंधुप्रेमाला हर्मोनवरच्या दवाची उपमा देतो. आणि आमचा शेतकरी डिसेंबरच्या पहाटे दव पाहून हिशेब मांडतो. कापसात ओलावा 8 टक्क्यांवर गेला तर सीसीआय भाव कापते, 12 टक्क्यांवर गेला तर माल घेतच नाही. त्याने ऊन चढेपर्यंत थांबावे हे शहाणपणाचेच आहे. पण ऊन चढेपर्यंतचा जो तासभर मिळतो त्याचे काय होते? शेकोटी असते, चहा असतो, म्हातारी आई असते, आणि या जिल्ह्याची थंडी तर साऱ्या तेलंगणात प्रसिद्ध आहे. तो तास कोणी दिला? तो तासही आपण ओलाव्याच्या काळजीतच घालवतो.

यावर कोणी रागाने विचारील की, पाळकसाहेब, डोक्यावर कर्ज आहे, शेकोटीचे काय सांगता? प्रश्न रास्त आहे. कर्जाच्या ओझ्याखाली या जिल्ह्यातही कापूस पिकविणाऱ्यांनी आपला जीव दिला आहे. अशा घरी जाऊन रानफुले पाहा आणि समाधानी राहा, असे सांगणे ही सुवार्ता नव्हे, ती थट्टा आहे. म्हणूनच रूथचा शास्त्रभाग वाचावा. ती विधवा, परक्या मुलखातून आलेली, सरवा वेचून पोट भरणारी. बवाजाने तिला समाधानावर प्रवचन दिले नाही. जेवणाच्या वेळी त्याने तिला आपल्या कापणी करणाऱ्यांच्या पंक्तीला बसविले, आणि भाजलेले धान्य दिले. आपल्याकडचा हुरडाच म्हणा. ती पोटभर जेवली व उरलेले तिने सासूसाठी ठेवले. मग ती उठल्यावर त्याने गड्यांना ताकीद दिली की, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही टाकत जा. हुरड्याबरोबर दाणेही दिले. साधा आनंद ज्याच्या वाट्याला येत नाही, त्याला तो मिळवून देणे हे ज्याच्या घरी भाकरी आहे त्याचे काम आहे. आपल्या शेतात वेचणीला येणाऱ्या बाया दुपारी कोठे बसून जेवतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

आता आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासातले एक घर पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1909 मध्ये 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतले. प्रभूचे चरित्र मराठी ओवीत गावे, एवढे मोठे ते ध्येय. 9 मे 1919 रोजी ते वारले तेव्हा ग्रंथ थोडाच झाला होता. लक्ष्मीबाईंनी तो हाती घेतला आणि बहुतेक सर्व अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्याही गेल्या. शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. म्हणजे पतिपत्नी दोघांनीही पूर्ण झालेला ग्रंथ पाहिला नाही. काम पुरे झाल्यावर आनंद करू, असे या घराने ठरविले असते तर त्यांच्या वाट्याला आनंदाचा एकही दिवस आला नसता. पण टिळकांना महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की, ताटातूट, गरिबी, आजारपण हे सारे सांगतानाही त्या बाईंचे हसू कोठे सुटलेले नाही. मोठे काम त्यामुळे मागे पडले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

प्रभूने तर याहून पुढे जाऊन दाखविले. पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर उभा आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून दमलेले, थंडीने गारठलेले. पेत्राला आता सगळ्या मंडळीचे ओझे द्यायचे आहे. त्याला कोणत्या मरणाने मरायचे आहे तेही सांगायचे आहे. जगात याहून गंभीर बोलणे कोणते असेल? पण ते येशूने आधी काढले नाही. त्याने कोळशाचा विस्तव केला, मासळी भाजली, भाकर ठेवली, आणि त्यांना न्याहारीला बोलाविले. न्याहारी झाल्यावरच त्याने पेत्राला विचारले की, माझ्यावर प्रीती करतोस काय? योहानाने हा क्रम मुद्दाम नोंदविला आहे.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक विनंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा जवळ येतात, मुले वर्गाला येईनाशी होतात, आली तरी त्यांचे लक्ष नसते. त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या रानांत पळस फुललेला असतो. एखाद्या रविवारी वर्ग पळसाखाली न्या, भाकरी-चटणी बरोबर असू द्या, आणि योहानाचा एकविसावा अध्याय तेथेच वाचा. त्या दिवशी पाठांतराचे वचन राहिले तर पुढच्या रविवारी घ्या. आणि जेथे नव्या मंदिराचे बांधकाम चालले आहे आणि निधीसाठी वर्षांमागून वर्षे वार्षिक प्रीतिभोजन बंद ठेवले आहे, तेथील पंचांनी पुढच्या सभेत अंमलदारांचे ते तीन प्रश्न मोठ्याने वाचावेत, आणि मगच सिमेंटचा हिशेब काढावा.