मजुरांचे दप्तर

एकोणिसाव्या शतकात करारावर समुद्रापार नेण्यात आलेल्या भारतीय मजुरांचा इतिहास लिहिण्यासाठी जी साधने उपलब्ध आहेत, ती जवळजवळ सर्वस्वी त्यांच्या मालकांनी आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारने निर्माण केलेली आहेत. मजुरांनी लिहिलेली किंवा लिहवून घेतलेली पत्रे अगदी थोडी सापडतात. नोंदवह्या, करारपत्रे, पास आणि पोलिसांचे अहवाल मात्र ढिगांनी आहेत. मॉरिशसमध्ये हे दप्तर इतर बहुतेक वसाहतींपेक्षा अधिक भरघोस जपले गेले. त्यामुळे तिथल्या भारतीयांच्या इतिहासाचा गाभा त्यांच्या आणि कागदाच्या नात्यात शोधावा लागतो. ज्या कागदाने पूर्वजांना बांधून ठेवले, तोच कागद हाती घ्यायला पुढच्या पिढ्या शिकल्या आणि त्यांच्या राजकीय उत्कर्षाची सुरुवातही तिथूनच झाली.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपवली गेली आणि १ फेब्रुवारी १८३५ पासून मॉरिशसमध्ये हा कायदा अमलात आला. उसाच्या मळेवाल्यांना त्याची चाहूल आधीच लागली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये वेतन, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ आणि ठरावीक कपडे अशा अटींवर त्यांनी निशाण्या केल्या होत्या. या पद्धतीला करारबद्ध मजुरी म्हणतात. तीत मजूर कायद्याने स्वतंत्र असतो, परंतु मुदत संपेपर्यंत त्याला मालक बदलता येत नाही आणि काम सोडले तर तो दिवाणी कज्जा न ठरता फौजदारी गुन्हा ठरतो. भरतीतील फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यामुळे ही वाहतूक काही काळ थांबवण्यात आली. १८४२च्या कायद्याने मात्र कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली आणि त्यांतील बहुसंख्य परत गेलीच नाहीत. १८६१च्या शिरगणतीत बेटावरील साठ टक्क्यांहून अधिक लोक भारतीय होते.

बंदरात उतरल्यावर या माणसांना ज्या आवारात ठेवले जाई, ते आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखले जाते. १८४९ साली उभारलेल्या या वास्तूचा २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पाण्याच्या कडेपासून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, स्वयंपाकघर, दवाखाना आणि नोंदणीची कचेरी असा त्याचा पसारा होता. प्रत्येक नवागताला इथे एक क्रमांक मिळे आणि नाव, वय, उंची, जात, गाव व जिल्हा वहीत लिहिला जाई. कारकून ऐकू येईल तसे लिहीत, मजुराला ते वाचता येत नसे, त्यामुळे चूक दुरुस्त होण्याचा मार्गच नव्हता. मुंबई बंदरातून आलेल्यांचा वाटा तिन्ही बंदरांत सर्वांत लहान होता आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणातील शेतकरी-कष्टकऱ्यांचा भरणा मोठा होता. पोटासाठी मुंबईला जाण्याची वाट कोकणी माणसाने आधीच मळलेली होती. मॉरिशस त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम ठरला. बापाचे किंवा आजाचे पाळण्यातले नाव त्या वहीत आडनाव होऊन बसले. मॉरिशसमधील मराठी घराण्यांत ‘जी’ अंती असलेली जी आडनावे दिसतात, ती मुळात भिवाजी, बाबाजी अशी साधी नावेच आहेत.

ही पद्धत म्हणजे नव्या रूपातील गुलामगिरी होती की गरिबांनी समजून-उमजून केलेले स्थलांतर, हा वाद जुना आहे. ह्यू टिंकर यांच्या १९७४ सालच्या ग्रंथाने पहिली बाजू ठामपणे मांडली. मरीना कार्टर यांनी मॉरिशसच्याच दप्तराच्या आधारे असे दाखवले की परत गेलेले मजूर आपल्या गावच्या माणसांना सोबत घेऊन पुन्हा येत, कुटुंबे आणत आणि वाटाघाटीही करत. या दोहोंत कार्टर यांचे निरीक्षण माणसांच्या अधिक जवळ जाते. मात्र त्यावरून व्यवस्था सौम्य होती असा निष्कर्ष काढणे सर्वथा चुकीचे ठरेल. माणसे शहाणपणाने वागली याचा अर्थ त्यांना न्याय मिळाला असा होत नाही. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम होता. विवाह सरकारदरबारी नोंदवला नसेल, तर धार्मिक विधीने झालेल्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती.

सर्वांत कठोर होता १८६७चा कायदा. करार पूर्ण करून मोकळ्या झालेल्या मजुराला ‘जुना प्रवासी’ म्हणत. भाजीपाला पिकवणारा, फेरीवाला किंवा गाडीवान म्हणून तो स्वतंत्रपणे जगू लागला, की मळेवाल्यांचा हातचा माणूस जाई. म्हणून त्याने स्वतःचे छायाचित्र चिकटवलेला पास सदैव जवळ बाळगावा, पत्ता बदलल्यास पोलिसांना कळवावे आणि यात कसूर झाल्यास भटक्या म्हणून तुरुंगात जावे, अशी तरतूद करण्यात आली. त्याच वर्षी हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो माणसे मरत होती. ही छायाचित्रे आज पाहिली असता बसवलेली माणसे, कॅमेऱ्यावर रोखलेली नजर आणि छातीपाशी धरलेला क्रमांक दिसतो. भारतातील सामान्य कष्टकऱ्यांची इतकी जुनी आणि इतक्या मोठ्या संख्येने घेतलेली छायाचित्रे फार थोड्या ठिकाणी असतील, आणि ती पाळत ठेवण्यासाठी घेतलेली आहेत, हे विसरता येत नाही.

या जाचाविरुद्ध जुन्या प्रवाशांनी १८७१ मध्ये गव्हर्नरकडे अर्ज केला. आडोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय मळेवाल्याने त्यांना मदत केली, म्हणून गोऱ्या समाजाने त्याच्यावर बहिष्कार घातला आणि त्याला भर रस्त्यात मारहाणही झाली. अर्जावर ९,४०१ जणांची नावे होती. आजवर ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, त्यांनी प्रथमच एकत्र येऊन सरकारला लिहिले. परिणामी शाही चौकशी आयोग नेमला गेला, १८७५च्या त्याच्या अहवालाने पोलिसी छळाच्या तक्रारींवर शिक्कामोर्तब केले आणि १८७८ मध्ये मजूरविषयक कायदा बदलावा लागला.

पुढच्या काळात साखरेचे भाव पडल्याने मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले आणि साठवलेल्या पैशांतून भारतीयांनी ते घेतले. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून भारताकडे येताना गांधीजी इथे थांबले, तर १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर येथे आले आणि त्यांनी ‘हिंदुस्तानी’ हे पत्र चालवले. करारबद्ध मजुरी सर्वच वसाहतींत बंद व्हावी, असा ठराव १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी मांडला. २२ मते पडूनही तो सरकारी बहुमतापुढे टिकला नाही. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. त्यांच्या जन्मापूर्वीच त्याच जिल्ह्यातून माणसे जहाजावर चढत होती. महाराष्ट्रात त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांचे जितके स्मरण होते, तितके या ठरावाचे होत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

खरे परिवर्तन १९४८ साली घडले. नव्या राज्यघटनेने मतदानासाठी मिळकतीची अट सैल करून बेटावरील कोणत्याही प्रचलित भाषेत साधे लिहिता-वाचता येणे पुरेसे मानले. गावोगावच्या ‘बैठका’ म्हणजे संध्याकाळी एकत्र जमण्याच्या झोपड्यावजा जागा. तिथे रामायणवाचन होई आणि अक्षरओळखही. वासुदेव विष्णुदयाळ यांच्या जनआंदोलनाच्या स्वयंसेवकांनी या बैठकांतून स्त्री-पुरुषांना लिहायला शिकवले. दिवसभर ऊस तोडून आलेली बाई कंदिलाच्या उजेडात पाटीवर नाव गिरवते आणि त्या अक्षरांच्या बळावर मतदार होते, याला या इतिहासातील सर्वांत मोठे वळण मानले पाहिजे. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या वर गेली. वीस वर्षांनी, दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस निवडून, १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले.

मराठी समाज या कहाणीत संख्येने लहान असूनही वेगळा उरला. घरातली बोली आज बहुतांशी क्रेओल आहे, म्हणजे फ्रेंचच्या आधारे बेटावर घडलेली लोकभाषा. मराठी शाळेत आणि देवघरात टिकली आहे. कोकणातील जाखडीशी नाते सांगणारे ‘झाकरी’ हे समूहनृत्य अजून नाचले जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. या अभिमानात एक गोष्ट मात्र झाकली जाऊ नये. सिंधुबंदी, म्हणजे समुद्र ओलांडण्यास असलेली धार्मिक मनाई, मोडून गेलेल्यांपैकी अनेकांसाठी गाव म्हणजे जातीचा काच आणि सावकाराचे कर्जही होते. त्यांनी मागे वळून पाहिले नसेल, तर त्यालाही कारण होते.

मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळण्याची सोय जाहीर केली. वंश सिद्ध करायचा, तर आधार त्याच नोंदवह्यांचा घ्यावा लागतो; त्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मुंबईहून गेलेल्यांच्या नोंदींतील गावांची नावे इंग्रजी कारकुनी स्पेलिंगमध्ये अडकून पडली आहेत. कोकणातील वाड्या, खाड्या आणि जुने तालुके माहीत असलेल्या माणसालाच ती ओळखता येतील. मुंबई विद्यापीठाने, रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महाविद्यालयांनी आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या संस्थेच्या सहकार्याने या नावांची छाननी हाती घ्यावी आणि गावोगावची यादी मराठीत प्रसिद्ध करावी.